तक्रारखोर कोण? एका शब्दाची उलटतपासणी

१/ मराठीत 'तक्रारखोर' हा शब्द आज दूषण म्हणून वापरला जातो. सोसायटीचा हिशेब मागणारा सभासद तक्रारखोर ठरतो, वसतिगृहात पाणी येत नाही असे तिसऱ्यांदा सांगणारा विद्यार्थी तक्रारखोर ठरतो. हा शब्द एकदा उच्चारला की हिशेब आणि पाणी दोन्ही बाजूला पडतात आणि चर्चा माणसाच्या स्वभावावर येऊन थांबते. ही रीत अन्यायाची आहे. त्या शब्दाचा इतिहासच तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

२/ आधी 'तक्रार' पाहू. शब्द मूळचा अरबी, 'तकरार'. त्याचा अरबी अर्थ पुनरावृत्ती: तीच गोष्ट पुन्हा करणे, तेच पुन्हा म्हणणे. त्यात रडणे नाही, भांडणे नाही, कुणावर आरोपही नाही. पाठ करताना विद्यार्थी ओळ पुन्हा म्हणतो, तीही तकरारच.

३/ फारसी-उर्दूच्या वाटेने हा शब्द भारतीय भाषांत उतरला तेव्हा अर्थ सरकला. दोन माणसे तोच मुद्दा एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगू लागली की वाद होतो. म्हणून हिंदी व गुजरातीत 'तकरार' म्हणजे वादावादी, भांडण. मराठी आणखी एक पाऊल पुढे गेली. हिंदी भाषक जिथे 'शिकायत' म्हणतो तिथे मराठी माणूस 'तक्रार' म्हणतो. करारपत्रांतील 'हरकत अथवा तक्रार नाही' ह्या शब्दप्रयोगात मात्र जुना अर्थ, म्हणजे वाद, अजून जिवंत आहे.

४/ मोडी कागद वाचू लागलेल्यांनी इथे एक सावधगिरी बाळगावी. मराठेशाहीच्या न्यायविषयक कागदांत 'तकरीर' हा शब्द येतो. तो 'तकरार'चा भाऊ नव्हे. तकरीर म्हणजे पक्षकाराचे निवेदन, जबानी. दोघांचे अरबी धातू भिन्न आहेत. अरबी लिपीत त्यांचा 'क'सुद्धा वेगळा लिहितात. मराठीत दोन्ही 'क' एकच झाल्यामुळे घोटाळा होतो.

५/ आता 'खोर'. हा फारसी प्रत्यय 'खाणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आला. लाचखोर म्हणजे लाच खाणारा. हरामखोर म्हणजे हरामाचे खाणारा. पुढे खाण्याचा अर्थ पुसट झाला आणि खोड लागलेला, सवयीचा असा अर्थ उरला: भांडखोर, दंगेखोर, चुगलखोर. 'तक्रारखोर' ह्याच रांगेत बसवला गेला. म्हणजे हिशेब मागणाऱ्याला भाषेनेच दंगेखोराच्या शेजारी नेऊन बसवले.

६/ हा न्याय एकतर्फी आहे हे दुसऱ्या एका शब्दावरून कळते. 'फिर्याद' हा फारसी शब्द. मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली मोठी हाक. आज न्यायालयात 'फिर्यादी' म्हटले की कुणाच्या डोळ्यांसमोर टाहो फोडणारा माणूस येत नाही. शाईचा, शिक्क्याचा गंभीर शब्द तो. मराठीने त्याला जोडीही मोठी मानाची दिली: दाद-फिर्याद. 'दाद' म्हणजे फारसीत न्याय. हाक आणि न्याय हे दोन शब्द भाषेने एकत्र बांधले, कारण हाकेच्या मागे न्याय येणे अपेक्षित होते.

७/ आता 'रड' पाहू. रडणे हे क्रियापद संस्कृत 'रट्', म्हणजे ओरडणे, आक्रोश करणे, ह्या धातूपासून प्राकृतमार्गे आले. म्हणजे 'फिर्याद' आणि 'रड' ह्यांचा मूळ अर्थ जवळजवळ एकच. एका आक्रोशाची फिर्याद झाली आणि तिला क्रमांक मिळाला. दुसऱ्याचे रडगाणे झाले आणि त्याला हसू मिळाले. पहिला शब्द दरबारातून आला, दुसरा घरातला होता. दरबाराचा दरवाजा ज्याला उघडा होता त्याच्या आक्रोशाला प्रतिष्ठा मिळाली, एवढाच हा फरक.

८/ सवयीच्या तक्रारीसाठी मराठीत आणखी शब्द आहेत: कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट. हे सगळे ध्वनीवरून बनलेले आणि सगळे द्विरुक्त. त्यांत आवाज आहे, मजकूर नाही. एखाद्या बोलण्याला 'कुरकुर' म्हटले की ते बोलणे कशाविषयी होते हे सांगण्याची गरज उरत नाही. बैलगाडीचे चाकही कुरकुरते. गाडीवान मात्र चाकाला दोष देत बसत नाही. तो वंगण घालतो.

९/ उलट उदाहरण कोकणात आहे. 'गाऱ्हाणे' हा शब्द संस्कृत 'गर्ह्', म्हणजे दोष देणे, निंदा करणे, ह्या धातूशी जोडला जातो. पण दक्षिण कोकणात गाऱ्हाणे देवापुढे घातले जाते. गावाच्या वतीने एक जण ग्रामदेवतेला अडचणी सांगतो, रक्षणाची आठवण करून देतो, आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. जत्रेला, सणाला हे पुन्हा पुन्हा होते. देवालाही दरवेळी सांगावे लागते. त्याला कुणी रडगाणे म्हणत नाही.

१०/ सर्वांत मोठी घसरण 'त्रागा' ह्या शब्दाची झाली. आज त्रागा म्हणजे चिडचिड, आदळआपट. गुजरात-काठेवाडात भाट आणि चारण लोक करारांना जामीन राहत. दिलेला शब्द मोडला गेला की ते स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवत, कधी कुटुंबातील माणसाचा जीवही घेत, आणि त्या रक्ताचे पातक शब्द मोडणाऱ्याच्या माथी बसे. ती प्रथा म्हणजे त्रागा. दुसरा कोणताही मार्ग न उरलेल्याचा तो अखेरचा उपाय होता. तो क्रूर होता ह्यात शंका नाही. पण त्याला चिडचिड म्हणता येणार नाही.

११/ ह्या प्रथांची छाया कायद्यातही उमटली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ होते: दैवी कोपाची भीती घालून कुणाला काही करण्यास भाग पाडणे. त्याखालच्या उदाहरणांत एक माणूस दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसतो. दुसऱ्या उदाहरणात एक जण, मागणी मान्य न झाल्यास स्वतःचे मूल मारण्याची धमकी देतो. सत्तेने हे दोन्ही गुन्हे ठरवले. 'धरणे' हा शब्द मात्र टिकला आणि विसाव्या शतकात आंदोलनाचा झाला. 'त्रागा' घरात शिरला आणि हास्यास्पद झाला.

१२/ इथे एक रास्त आक्षेप येईल. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे. हजार वर्षांपूर्वी अरबीत काय अर्थ होता त्यावरून आजच्या मराठीचा अर्थ ठरत नाही. आक्षेप मान्य. म्हणून आता शब्दकोश बाजूला ठेवून घडलेल्या घटना तपासू. प्रश्न एकच: महाराष्ट्रात माणसे तीच तक्रार पुन्हा पुन्हा का करत आली?

१३/ मराठेशाहीत वादाला रीत होती. आधी दाद मागणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून तकरीर लिहून घेतली जाई, जामीन घेतले जात, गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. ही व्यवस्था जातिनिरपेक्ष नव्हती आणि वतनदारांच्या वर्चस्वातून मुक्तही नव्हती. तरीही तिच्या भाषेत दाद मागणाऱ्याला 'अग्र' म्हटले आहे: पुढे येणारा. तक्रार करणाऱ्याला नाव देण्याची ही एक वेगळी पद्धत होती.

१४/ कंपनी सरकारानंतर अर्जांचे युग सुरू झाले. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या मुळाशीही एक तक्रारच होती: पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीची. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, ह्यांनी तिला आकार दिला. सभासद होण्यासाठी किमान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. तक्रार करण्याआधी ती करण्याचा अधिकार सिद्ध करणारी ही संस्था होती.

१५/ ह्याच काळात दख्खनचा शेतकरी दोन्ही बाजूंनी पिळला जात होता. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि कापसाची तेजी ओसरली. १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. सारा भरण्यासाठी सावकार, आणि सावकाराच्या हाती रोखा. सार्वजनिक सभेने उपसमिती नेमून शेतकऱ्यांच्या स्थितीचा अहवाल १८७३ साली प्रसिद्ध केला. कागदावर सगळे मांडून झाले होते.

१६/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या दारांत उभा राहिला. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. ह्या उठावाचे वैशिष्ट्य असे की जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. त्यांनी रोखे आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. ज्या कागदापुढे त्यांचा शब्द चालत नव्हता, तोच कागद त्यांनी नष्ट केला.

१७/ मग सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराची चौकशी करण्याची मुभा दिली. म्हणजे शेतकऱ्याचे म्हणणे खरे असू शकते, हे मान्य व्हायला आग लागावी लागली. जोतीराव फुले ह्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात आणखी एक गाठ दाखवली: शेतकरी आणि सरकार ह्यांच्यामध्ये कागद लिहिणारा कामगारवर्ग उभा आहे, आणि शेतकऱ्याचे दुःख त्याच्याच लेखणीतून वर जाते.

१८/ १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाच्या हाती होती. सभेच्या प्रतिनिधींनी गावोगाव जाऊन सांगितले की पीक बुडाले असता सवलत मागता येते, कारण सरकारच्याच दुष्काळ संहितेत तशी तरतूद आहे. सरकारने उत्तर काय दिले? १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली. धोरणाविषयी सरकारला लिहिण्याचा तिचा हक्कच अमान्य झाला. तक्रार खोटी ठरवली गेली नाही. तक्रारदार रद्द केला गेला.

१९/ आता पुनरावृत्तीचा सर्वांत बोलका पुरावा. कंपनीच्या मुंबई लष्करात महार सैनिकांची मोठी परंपरा होती. १८९० च्या दशकाच्या आरंभी, 'लढाऊ जमातीं'च्या सिद्धांताच्या जोरावर, त्यांची भरती बंद झाली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्जाचा मसुदा सिद्ध केला. त्यात दयेची याचना कमी होती. केलेल्या सेवेचा हिशेब होता.

२०/ दार उघडले नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे ह्यांच्या पुढाकाराने भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू ह्यांच्या नावे पुन्हा अर्ज गेला. मागणीत लष्कर होते, पोलीस होते, सरकारी नोकऱ्या होत्या. पहिले महायुद्ध पेटले, माणसांची गरज पडली, आणि १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली. १९२१ साली पलटण मोडली.

२१/ पुन्हा मागणी, पुन्हा महायुद्ध. डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली. १८९४ ते १९४१ म्हणजे सत्तेचाळीस वर्षे. एका अर्जाला जेवढा वेळ लागायला हवा होता तेवढ्यात दोन पिढ्या गेल्या. ह्या सत्तेचाळीस वर्षांत तीच गोष्ट पुन्हा सांगणारे लोक 'तक्रारखोर' होते काय? पुनरावृत्ती त्यांच्या स्वभावात नव्हती. ऐकणाऱ्याच्या कानात ती तयार होत होती.

२२/ आणखी एक आक्षेप इतिहासातूनच येतो. जहालांनी मवाळांच्या अर्ज-विनंत्यांना भिक्षेचे राजकारण म्हटले. नुसत्या तक्रारीने काही होत नाही, असा त्या टीकेचा आशय होता. परंतु १८९६ सालचे टिळकांचे कार्य पाहिले तर दिसते की तेही तक्रारीपासूनच सुरू झाले. फरक तक्रारीमागच्या संघटित बळाचा होता. जहालांचा रोष तक्रार करण्यावर नव्हता. तक्रार करून घरी परतण्यावर होता.

२३/ आता सर्वांत कठीण प्रश्न. खरोखरच कुरकुरे लोक नसतात काय? असतात. कारण गेले तरी ज्यांची कुरकुर जात नाही, अशी माणसे प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत भेटतात. त्यांना ओळखण्याची कसोटी जुन्या अर्जांतच आहे. तक्रार कुणाकडे, कशाविषयी, मागणी काय? ही तीन उत्तरे ज्या बोलण्यात आहेत ती दहाव्यांदा केलेली असली तरी तक्रार आहे. ज्यात एकही नाही तिला खुशाल कुरकुर म्हणावे.

२४/ मात्र ही कसोटी लावताना एक गोष्ट विसरता कामा नये. अनेकांना पत्ताच नव्हता. जात्यावर बसलेली बाई सासरचा जाच ओवीत सांगत होती, कारण तो लिहून देण्याची जागा तिच्यासाठी अस्तित्वात नव्हती. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे ह्या फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. विषय मांग-महारांचे दुःख. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. घराघरांत रडगाणे म्हणून हिणवले जाणारे ते म्हणणे छापील पानावर आले आणि त्याला पत्ता मिळाला.

२५/ आजच्या कायद्याने 'तक्रार' ह्या शब्दाला पुन्हा मान दिला आहे. २०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध दाद मागण्यासाठी अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी कार्यालयांत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. कायदा म्हणतो, तक्रार करा. समाज म्हणतो, तक्रारखोर होऊ नका. ह्या दोन वाक्यांच्या फटीत किती तरी अर्ज लिहिण्याआधीच फाटतात.

२६/ म्हणून 'खोर' ह्या प्रत्ययाकडे परत जाऊ. त्याचा मूळ अर्थ खाणारा. १८९७ साली सभेचा आवाज गिळणारे कोण होते? सत्तेचाळीस वर्षांचे अर्ज पोटात घालणारे कोण होते? प्रत्ययाचा मूळ अर्थ प्रामाणिकपणे लावला तर तक्रारखोर म्हणजे तक्रार खाणारा. आणि तक्रार खातो तो नेहमी टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो.

२७/ पुढच्या वेळी कुणाला तक्रारखोर म्हणण्याआधी एवढेच विचारावे: ह्याने हे पहिल्यांदा कधी सांगितले होते, आणि तेव्हा कुणी काय केले? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की तो शब्द कुणाला लावायचा तेही कळते.